भोंगा सगळ्यांना ऐकू येतो, लूम कुणालाच नाही

२०२२च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुसलमान तरुणाला डेसिबल हा शब्द पाठ झाला. मशिदींवरच्या भोंग्यांवरून राजकारण तापलं, अल्टिमेटम दिले गेले, परवानगीच्या अर्जांसाठी ट्रस्टींनी पोलीस ठाण्यांच्या पायऱ्या झिजवल्या. ज्यांनी जन्मात कधी कायद्याचं पान उघडलं नव्हतं, तेही सांगू लागले की निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे. अनेक मशिदींनी फजरची अजान भोंग्याविना द्यायला सुरुवात केली. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं की लाउडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. माझं त्या निकालाशी भांडण नाही. ४५ म्हणजे ४५. तो आकडा मशिदीला लागू आहे, मंदिराला लागू आहे, गणपतीपुढच्या डीजेला लागू आहे आणि मिलादच्या जुलूसमधल्या डीजेलाही.

माझं भांडण पुढे आहे. तोच कायदा, तोच तक्ता, भिवंडीच्या किंवा मालेगावच्या गल्लीत शिरला की बहिरा होतो. तिथे तळमजल्यावर लूम, वर घर. भिंतीला भिंत लावून लूम, पलीकडे घर. काही ठिकाणी तर पहिल्या मजल्यावरही लूम. अजान दिवसातून पाच वेळा, काही मिनिटांची. लूम चालतो बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत, वीज जाईल तेव्हाच थांबतो. त्या आवाजावर कुणी सभा घेतली नाही, कुणी अल्टिमेटम दिला नाही. कारण तो आवाज ज्यांच्या घरात शिरतो, त्यांचं मत मागताना त्यांच्या झोपेचा विषय कुणी काढत नाही. दुसऱ्यांनी तो विषय काढला नाही, हे समजू शकतं. आपण का काढला नाही?

मी डिग्री मेकॅनिकलची घेतली आणि पोट सॉफ्टवेअरवर भरतो, आपल्यातल्या हजारोंसारखं. तिसऱ्या वर्षाला यंत्रांच्या कंपनांवर एक पेपर होता. त्यातली चार सूत्रं परीक्षेनंतर बहुतेकजण विसरतात. पण आपल्या वस्त्यांच्या दृष्टीने त्या चार सूत्रांइतकी राजकीय गोष्ट त्या अख्ख्या अभ्यासक्रमात दुसरी नव्हती. म्हणून आधी ती सांगतो.

खिडकी लावून का भागत नाही

यंत्राचा त्रास दोन वाटांनी येतो. एक वाट हवेची. खिडकी लावली, फट बुजवली, जाड भिंत घातली की ती बरीचशी अडते. दुसरी वाट इमारतीच्या हाडांतून जाते. यंत्र स्लॅबवर किंवा भिंतीवर थेट बोल्टने आवळलेलं असेल, तर त्याचा प्रत्येक हादरा काँक्रीटमध्ये उतरतो, खांबातून, बीममधून, पाइपातून पसरतो आणि दोन मजले वरच्या खोलीची भिंतच स्पीकर बनते. तिथे खिडकी लावून काही उपयोग नाही, कारण आवाज खिडकीतून आलेलाच नाही. आपल्या बायाबापड्या सांगतात की उशीत कान खुपसला तर घरघर जास्त ऐकू येते. त्या बरोबर सांगतात. पलंगाच्या पायांतून, गादीतून तोच हादरा कानापर्यंत येतो.

ही दुसरी वाट तोडायला यंत्राखाली लवचीक काहीतरी लागतं, रबर किंवा स्प्रिंग. पण कुठलंही रबर चालत नाही, आणि इथेच आपल्याकडचा जुगाड फसतो. यंत्राच्या वजनाने ते रबर किती दबतं, यावर सगळं अवलंबून आहे. झोक्याला जशी स्वतःची एक लय असते, तशी रबरावर ठेवलेल्या यंत्रालाही असते. १ मिलिमीटर दबणाऱ्या रबराची लय सेकंदाला सुमारे १६ झोके, ४ मिलिमीटर दबणाऱ्याची सुमारे ८. यंत्राचा वेग या लयीच्या निदान दीडपट असेल तेव्हाच हादरा कमी व्हायला लागतो. लय आणि वेग जुळले, तर रबर हादरा कमी करण्याऐवजी वाढवतं.

मुंब्रा, कोंढवा, मीरा रोड, जिथे जिथे आपली मुलं फ्लॅटमध्ये राहायला गेली, तिथलं उदाहरण घ्या. सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची मोटर साधारण मिनिटाला १४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४. तिच्याखाली जेमतेम १ मिलिमीटर दबणारी कडक रबराची चकती सरकवली, तर हादऱ्याचा फक्त पाचवा हिस्सा कमी होतो. रहिवासी म्हणतात, ‘रबर लावून पाहिलं, काही फरक नाही.’ तोच पंप जड काँक्रीटच्या ओट्यावर बसवून त्या ओट्याखाली ४ मिलिमीटर दबणारे माउंट दिले, तर हिशेबाने आठ हिश्शांपैकी सात हिस्से कमी होतात. मात्र पाइप लोखंडी आणि थेट भिंतीला जखडलेला राहिला, तर हादरा पाइपातून जातो आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून पंपाला लागून रबरी जोड हवा, आणि भिंतीवरच्या क्लँपमध्ये रबराची पट्टी. यात नवीन शोध काहीही नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २०१६च्या आवृत्तीत ध्वनिरोधासाठी स्वतंत्र विभागच आहे. बिल्डर हे करत नाही, कारण तो त्या पंपाशेजारी झोपत नाही.

लूमचं गणित वेगळं आहे

पंपाचा उपाय लूमला तसाच लागू होत नाही. साधा धोट्याचा यंत्रमाग मिनिटाला सव्वाशे-दीडशे फेरे घेतो. दर फेऱ्याला फणीची जड चौकट पुढे-मागे आपटते आणि दांड्याचा फटका खाऊन धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो, तिथे धाडकन थांबवला जातो. दीडशे फेरे म्हणजे सेकंदाला अडीच हादरे. एवढा संथ हादरा रबराने अडवायचा तर ते ८ सेंटिमीटर दबायला हवं. अशा गादीवर लूम डोलू लागेल, कापड विणलं जाणार नाही.

म्हणून लूमखाली चांगलं पॅड घातलं, तर त्याची खडखड आणि फटक्यांचा ठणका इमारतीत कमी उतरतो, आणि तेवढ्यासाठी ते घालायलाच हवं. पण मूळ डोलणं फक्त जमीन पेलू शकते. लूमची जागा जमिनीवर आहे, इमारतीच्या पायापासून सुट्या केलेल्या स्वतंत्र पायावर. वरच्या मजल्यावर लूम लावणं म्हणजे त्या संथ हादऱ्यांना इमारतीच्या स्वतःच्या लयीशी गाठ घालून देणं.

लँकेशायरच्या कापड गिरण्या बांधणाऱ्यांना हे दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं. त्यांनी सूतकताईच्या गिरण्या अनेक मजली बांधल्या, पण विणाईच्या शेड एकमजली ठेवल्या, करवतीच्या दातांसारख्या छपराच्या, दगडी जमिनीवर. वरून उजेड हवा हे एक कारण, लूमचे हादरे हे दुसरं. त्या मालकांना कामगारांची दया होती असं नाही. तिथल्या विणकर बाया आवाजामुळे एकमेकींचे ओठ वाचून बोलायला शिकल्या होत्या, त्या ओठांच्या बोलीला तिथे नावही पडलं. मालकांनी कान वाचवले नाहीत, पण निदान इमारत वाचवली. आपण दोन्ही सोडून दिलं. ज्या भिवंडीत सप्टेंबर २०२०मध्ये पटेल कंपाउंडमधली इमारत मध्यरात्रीनंतर कोसळून तीसहून जास्त माणसं गेली, त्या गावात तरी भिंतीतली भेग ही किरकोळ गोष्ट मानायला नको.

कान हीसुद्धा कमाई आहे

आता लूमसमोर उभ्या असलेल्या माणसाकडे या. धोट्याच्या लूमच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो, बऱ्याचदा १००च्या आसपास. कारखान्यांसाठीची आपल्याकडची मर्यादा सांगते: ९० डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास, ९५ मध्ये ४, आणि १०० मध्ये फक्त २ तास. आपला कारागीर उभा असतो १२ तास. आवाजाने येणारा बहिरेपणा १९४८च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदवलेला होता. पण असे कायदे ठरावीक कामगारसंख्येच्या वरच्या कारखान्यांना लागू होतात, आणि आठ-दहा लूमच्या खात्यात तेवढी माणसं हजेरीपटावर कधी नसतात. कायदा दाराशी येतो, माणसं मोजतो आणि परत जातो.

हा बहिरेपणा एका रात्रीत येत नाही. आधी बारीक, उंच स्वर जातात. माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. ‘स’ आणि ‘श’, ‘त’ आणि ‘प’ एकमेकांत मिसळतात. मग घरात टीव्ही मोठा होतो, नात हळू बोलते म्हणून आजोबा चिडतात, जमातमध्ये बसलेल्या माणसाला बयान समजत नाही आणि तो नुसती मान हलवतो. कानाच्या आतल्या त्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. आपण याला वय म्हणतो, नशीब म्हणतो. ती मजुरी आहे, जी त्या माणसाने दिली आणि जिची पावती कुणी फाडली नाही.

‘पोटावर पाय देऊ नका’

हे सगळं बोललं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: लूम बंद पडले तर खाणार काय? आधीच सुताचे भाव, विजेचं बिल, सुरतेची स्पर्धा, आणि त्यात तुम्ही शिकलेली पोरं आवाजाचं नवीन खूळ घेऊन आलात.

हा प्रश्न खरा आहे, पण तो विचारणारा बहुतेकदा कारागीर नसतो. कारागीर मीटरवर पैसे घेतो. त्याच्या कानाची किंमत त्या मीटरमध्ये धरलेली नाही, आणि शेजारणीच्या झोपेची तर कशातच नाही. जो खर्च यंत्राच्या मालकाने करायचा, तो भिंतीपलीकडच्या माणसाकडून वसूल होतो, रोज, हप्त्याहप्त्याने. याला रोजगार वाचवणं म्हणत नाहीत. शिवाय मी लूम बंद करा असं म्हणतच नाही. झिजलेले बफर बदला, ढिले बोल्ट आवळा, फटका मारणाऱ्या दांड्याची जुळणी नीट करा, खाली योग्य पॅड घाला, घराकडची भिंत बुजवा, वरच्या मजल्यावरचा लूम खाली आणा. यातल्या पहिल्या चार गोष्टींनी यंत्राचं आयुष्यही वाढतं.

दुसरं उत्तर जास्त नाजूक असतं, आणि ते आपल्यातली समजदार माणसं देतात: आपलीच धुणी चव्हाट्यावर कशाला? उद्या हाच मुद्दा घेऊन कुणी बुलडोझर आणेल. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही, गेल्या काही वर्षांत ती आपण कमावलेली आहे. पण तिचं पर्यवसान काय होतं ते पाहा. बाहेरच्याची भीती दाखवून आतल्या बलवानाला मोकळं रान मिळतं. लूमही आपला, वर झोपणारं मूलही आपलं, आणि आपण दर वेळी लूमची बाजू घेतो. आणि हा प्रश्न फक्त ‘आपला’ आहे हेही खरं नाही. इचलकरंजीत, विट्यात, सोलापूरच्या पद्मशाली वस्त्यांत हेच लूम, हाच आवाज. मुसलमान तरुणांनी हा प्रश्न उचलला आणि इचलकरंजीच्या कामगाराने त्यात आवाज मिसळला, तर कुणाला बुलडोझर आणायला निमित्त उरत नाही, उलट एकत्र मागणी करायला माणसं मिळतात.

तिसरं उत्तर धर्माचं असतं: रिज्क आहे, सबर करा. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण हे उत्तर देणाऱ्यांनी आपल्याच फिकहची पानं उलटलेली दिसत नाहीत. उस्मानी साम्राज्यात १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिकहवर आधारलेला दिवाणी कायदा कलमवार लिहिला गेला, त्याला ‘मजल्ला’ म्हणतात. तो हिंदुस्थानात लागू नव्हता, पण ज्या मजहबवर तो उभा आहे, तोच भिवंडी-मालेगावच्या बहुतेक मोमिनांचा मजहब आहे. त्यात शेजाऱ्याला होणाऱ्या मोठ्या नुकसानीचा एक भाग आहे. तिथे उदाहरण दिलंय ते लोहाराच्या भट्टीचं आणि गिरणीचं: घराला लागून ती उभी राहिली, घणाच्या घावांनी किंवा गिरणीच्या फिरण्याने घराचं बांधकाम कमकुवत होऊ लागलं, तर ते मोठं नुकसान समजावं आणि ते दूर करावं. म्हणजे यंत्राचा हादरा भिंतीतून शेजाऱ्याच्या घरात जातो, हे त्या काझींना दिसलं होतं. त्यांनी शेजाऱ्याला सबर शिकवला नाही. गिरणीवाल्याला नुकसान थांबवायला सांगितलं. शेजारी ज्याच्या उपद्रवापासून सुरक्षित नाही त्याच्या इमानावरच पैगंबरांनी प्रश्नचिन्ह लावलं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या उपद्रवात कंपन धरायचं नाही, असं कुणी सांगितलं?

मागायचं काय, कुणाकडे

सरकारला यंत्राचा आवाज कमी करून घेता येत नाही, असं नाही. डिझेल जनरेटरचं घ्या. या शतकाच्या सुरुवातीला नियम झाला की १००० केव्हीएपर्यंतचा जनरेटर कारखान्यातूनच ध्वनिरोधक पेटीसह बाहेर पडला पाहिजे आणि पेटीपासून १ मीटरवर आवाज ७५ डेसिबलच्या आत हवा. बंधन ग्राहकावर नाही, बनवणाऱ्यावर घातलं. आज लग्नाच्या हॉलबाहेरचा जनरेटर शेजारी उभं राहून बोलता येण्याइतपत शांत असतो, तो त्यामुळे. जनरेटर हॉटेलांच्या, मॉलच्या, ऑफिसांच्या दारात होता. लूम गरिबाच्या दारात आहे. फरक तेवढाच.

२०१७मध्ये केंद्राने यंत्रमागांसाठी ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजना आणली. साध्या लूमला सुधारित जोड बसवायला त्यात अनुदान होतं, उद्देश कापडाचा दर्जा आणि उत्पादन. राज्य सरकार यंत्रमागांना वीजदरात सवलत देतं. हा पैसा जनतेचा आहे, तर जनतेची अटही हवी. आपली मागणी साधी असावी. एक, रहिवासी इमारतीत तळमजल्याच्या वर लूमला परवाना नको, आणि जे आहेत त्यांना खाली आणायला मुदत आणि मदत द्या. दोन, अनुदानाच्या यादीत पॅड, बफर आणि भिंतीचा ध्वनिरोध घाला. तीन, मिश्र वस्ती कोणत्या वर्गात मोडते ते जाहीर करा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत तशी तरतूद आहे. आणि एखाद्या गल्लीला औद्योगिक म्हटलं तरी रात्रीची मर्यादा ७० आहे, अमर्याद नाही. चार, कारागिरांच्या कानांची दरवर्षी मोफत तपासणी, हजेरीपटावर माणसं कितीही असोत.

याच नियमांप्रमाणे आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त असेल तर कोणताही नागरिक लेखी तक्रार करू शकतो. सार्वजनिक उपद्रव थांबवण्याचा सशर्त आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १५२ आहे. पण तक्रार ही शेवटची पायरी ठेवा. पहिली पायरी मोजमापाची, आणि ती आपल्या खिशात आहे. फायफॉक्स नावाचं मोफत अॅप जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलंय. फोन जमिनीवर ठेवा, ते कंपनांचा आलेख काढतं आणि कुठल्या वेगाचा हादरा येतोय ते दाखवतं. अडीचला टोक दिसलं तर लूम, चोविसाला दिसलं तर पंप. फोनचा आकडा कोर्टात टिकणार नाही, पण मोहल्ल्याच्या बैठकीत टिकतो. एक गल्ली, दहा घरं, सात रात्री, कोणत्या वेळी किती, एवढा तक्ता करा. त्यात लूममालकाचं घरही धरा.

आपल्यातल्या किती जणांनी हेडफोनवर पैसे उधळलेत! आवाज गाळणारं यंत्र स्वतःच्या कानावर चढवणं आपल्याला जमतं, दुसऱ्याच्या यंत्राखाली रबर सरकवायला सांगणं जमत नाही. गल्लीतून निघून फ्लॅटमध्ये जाणं ही प्रगती आहे, मी ती नाकारत नाही. पण गल्लीत मागे राहिलेल्यांनी आवाज सहन करत राहावा, हे ठरवायचा अधिकार निघून गेलेल्यांना नाही, लूममालकाला नाही, आणि मशिदीच्या भोंग्यावर सभा गाजवून लूमच्या गल्लीतून गाडीच्या काचा वर करून जाणाऱ्यांना तर मुळीच नाही.

येत्या जुम्म्याला मशिदीबाहेर दहा मिनिटं थांबा आणि लूमवर काम करणाऱ्या चार माणसांशी नेहमीच्या आवाजात बोलून पाहा. किती जण ‘काय?’ म्हणून कान पुढे करतात ते मोजा. पहिला आकडा तिथून लिहायला घ्या.